चाचणीचं नाव खोडलेली वही: कामाच्या नोंदी

१० जून

एस.वाय.च्या संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिक वहीची नवी आवृत्ती आजपासून हातात घेतली. जुनी वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. प्रयोग ६ चं शीर्षक 'पेअर्ड टी-टेस्ट', म्हणजे जोडीजोडीने घेतलेल्या आकड्यांची चाचणी. प्रयोग ७ चं 'दोन प्रमाणांतील फरकाची झेड-टेस्ट'. खाली बल्बचा कारखाना, दोन यंत्रं, बल्बचं आयुष्य तासांत. सगळे आकडे कुणीतरी बसल्या जागी रचलेले. शीर्षकातच उत्तर दिल्यावर पोरांनी निवडायचं काय? ती सूत्रात आकडे भरतात, तक्त्यातली किंमत बघतात, 'एच-नॉट रिजेक्टेड' (म्हणजे 'फरक नाही' ही शून्य परिकल्पना फेटाळली) लिहितात आणि सहीसाठी रांग लावतात. आणि मी सही करते.

एप्रिलच्या तोंडी परीक्षेत एकीला विचारलं, इथे पेअर्डच का? म्हणाली, "मॅडम, प्रयोग सहावा आहे ना, म्हणून."

तर ठरलं: शीर्षकं खोडायची. आकडे खरे घ्यायचे, आणि असेच की जे कुणी, कुठे, कसे मोजले ते माहीत आहे. कुठली चाचणी हे मोजणी कशी झाली त्यावरून ठरतं, हे दर वर्षी फळ्यावर लिहून देते. वहीत त्याचा मागमूस नाही.

१३ जून

पहिला संच झोपेचा. गॉसेट डब्लिनला गिनेसच्या दारूभट्टीत नोकरीला होते आणि 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहायचे. १९०८ च्या ज्या लेखातून टी-चाचणी आली, त्यातलंच हे उदाहरण. दहा रुग्ण, झोपेची दोन औषधं, प्रत्येक औषधाने नेहमीपेक्षा किती तास झोप वाढली ते मोजलेलं.

पहिलं औषध: ०.७, −१.६, −०.२, −१.२, −०.१, ३.४, ३.७, ०.८, ०.०, २.०
दुसरं औषध: १.९, ०.८, १.१, ०.१, −०.१, ४.४, ५.५, १.६, ४.६, ३.४

माध्यं ०.७५ आणि २.३३. फरक १.५८ तास. एवढ्यापर्यंत वाद नाही.

कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये टी-टेस्टच्या सूत्राला शेवटी एक अंक द्यावा लागतो: १ म्हणजे जोडीने, २ म्हणजे दोन वेगळे गट आणि विचलन (आकड्यांचा पसारा) सारखं, ३ म्हणजे वेगळे गट आणि विचलनही वेगळं. ३ दिला तर पी-व्हॅल्यू (औषधांत फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०७९. १ दिला तर ०.००२८. वीस आकडे तेच, फरकही तोच. फक्त एक अंक बदलला आणि ५ टक्क्यांच्या उंबऱ्याच्या बाहेर असलेलं उत्तर थेट माजघरात.

कारण सरळ आहे. काही माणसं कुठल्याही औषधाने चांगली झोपतात (सहावा आणि सातवा रुग्ण बघा), काहींना कशाचाच गुण येत नाही. वेगळे गट मानले तर माणसामाणसांतला हा फरक सगळा प्रमाण त्रुटीत (माध्यांतल्या फरकाच्या अनिश्चिततेच्या मापात) जमा होतो आणि ती ०.८५ होते. त्याच माणसाच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली की तो निघून जातो, उरते ०.३९. छेदात ०.८५ की ०.३९, एवढाच खेळ. टी म्हणजे फरक भागिले त्रुटी: १.८६ की ४.०६.

गॉसेट यांनी लिहिलं होतं की दुसरं औषध सरस असण्याची शक्यता ६६६ ला १. ती एका बाजूची. आजची दोन बाजूंची ०.००२८ निम्मी केली की जवळपास तेच येतं. मुलांकडून हे पडताळून घ्यायचं, जुन्या आणि नव्या भाषेतला पूल म्हणून.

१४ जून

घरी लॅपटॉपवर तोच संच आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवला. संच आर मध्ये आयताच मिळतो, टाइप करायची गरज नाही. पण प्रयोगशाळेतल्या जुन्या मशीनवर चालणारी ओळ इथे चालेना. नव्या आवृत्तीत सूत्राच्या लेखनपद्धतीसोबत 'पेअर्ड' लिहिलं की चूक दाखवते. दोन्ही स्तंभ वेगळे करून द्यावे लागतात. आधी वैताग आला. मग वाटलं, बरोबर आहे. त्या लेखनात कुठला आकडा कुणाचा जोडीदार हे कुठे सांगितलेलंच नसतं. ओळींच्या क्रमावर भिस्त. वहीत दोन स्तंभांचीच पद्धत देते.

आणखी एक गंमत सापडली. नवव्या रुग्णाचा फरक ४.६, बाकी सगळे ० ते २.४ च्या दरम्यान. हा बाजूला काढला तर? माझा अंदाज होता की टी घसरेल, कारण दुसऱ्या औषधाच्या बाजूने सर्वांत मोठा साक्षीदार तोच. हाताने केलं: माध्य १.५८ वरून १.२४ वर आलं, पण प्रमाण विचलन १.२३ वरून ०.६६ वर. टी ४.०६ वरून ५.६६! साक्षीदार हाकलला आणि खटला आणखी भक्कम झाला. टी हा फरक आणि गोंधळ यांचा भागाकार आहे, हे यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही. आकडा काढून टाकायचा नाही, हे मात्र ठळक लिहायचं.

१९ जून

दुसरा संच डार्विनचा. १८७६ च्या पुस्तकातला मका. परपरागणाचं एक रोप आणि स्वपरागणाचं एक, एकाच वेळी अंकुरलेल्या बियांची, एकाच कुंडीत समोरासमोर. अशा १५ जोड्या. उंचीतला फरक (पर वजा स्व) इंचाच्या आठव्या भागात:

४९, −६७, ८, १६, ६, २३, २८, ४१, १४, २९, ५६, २४, ७५, ६०, −४८

बेरीज ३१४, म्हणजे सरासरी २.६२ इंच. टी २.१४८. डिग्रीज ऑफ फ्रीडम (इथे जोड्या वजा एक) १४ साठी तक्त्यातली किंमत २.१४५. केसभर अंतर. पी-व्हॅल्यू ०.०४९७.

झोपेच्या संचावरून आल्यावर मुलं म्हणणार, जोडी केली की पी कमी होते. इथे उलटं आहे. जोड्या मोडून दोन वेगळे गट मानले तर टी २.४४ आणि पी ०.०२३! दोनदा तपासलं. दुसऱ्या आणि पंधराव्या जोडीत परपरागणाची रोपं १२ इंचांवरच खुरटली आहेत, आणि त्यांचे जोडीदार २० आणि १८ इंच. त्यामुळे दोन्ही स्तंभांत सहसंबंध ऋण निघतो, सुमारे −०.३३, आणि वजाबाकीने गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतो.

मग कुठली पी लिहायची? ०.०४९७. प्रयोग जोडीने केला म्हणून चाचणी जोडीने. निकाल बघून जोडी ठेवायची की मोडायची हे ठरवलं, तर ५ टक्के हा आकडा कशाचाच उरत नाही. हे दोन संच वहीत लागोपाठच हवेत. एकटा झोपेचा संच दिला तर मुलं चुकीचा धडा घेऊन जातील.

रात्री उशिरा: डार्विनने ही मोजमापं आपल्या नात्यातल्या गॉल्टनकडे पाठवली होती. गॉल्टनने काय करावं? दोन्ही स्तंभ उतरत्या क्रमाने लावले आणि पहिल्यासमोर पहिलं, दुसऱ्यासमोर दुसरं असं मांडलं. दिसायला सुबक. कुंडीचा पत्ता मात्र गेला. पुढे १९३५ च्या पुस्तकात संख्याशास्त्रज्ञ फिशरनी यावर बोट ठेवलं. मी कुतूहल म्हणून गॉल्टनच्या क्रमावर पेअर्ड टी चालवून पाहिली. टी ५.१७.

उंच्या त्याच तीस. माध्यांतला फरक तोच २.६२. टी मात्र तीन: २.१५, २.४४, ५.१७. तिसरी शुद्ध फसवणूक, क्रम लावल्याने तयार झालेल्या खोट्या जोडीदारांची. याचं वेगळं पान करायचं आणि मथळ्यात काहीही सांगायचं नाही.

२० जून

०.०४९७ मनातून जाईना. विभागातल्या सरांना दाखवलं. म्हणाले, "०.०५ च्या खाली आहे ना? मग झालं." झालं कसं? १५ फरक आणि त्यात दोन एवढे मोठे ऋण. टी-चाचणीला लागणारं प्रसामान्य (घंटेच्या आकाराचं) वितरण आहे म्हणायला जीभ अडखळते.

फिशरनी याच आकड्यांवर एक आडदांड उपाय केला होता. शून्य परिकल्पना खरी असेल तर प्रत्येक जोडीत कोण उंच हे नाणेफेकीवर. म्हणजे १५ फरकांची चिन्हं उलटसुलट करायच्या २ चा १५ वा घात, ३२,७६८ रीती. त्यांतल्या किती रीतींत बेरीज ३१४ किंवा तिच्याहून टोकाची? दोन्ही बाजू मिळून १,७२६. भागाकार ०.०५२७. टी-चाचणी म्हणते उंबऱ्याच्या आत, चिन्हांची मोजदाद म्हणते बाहेर, आणि दोघींमध्ये अंतर ०.००३. यावरून जो 'रिजेक्ट' आणि 'नॉट रिजेक्ट' यांच्यात भिंत उभी करतो त्याला काय म्हणावं! मुलांना दोन्ही आकडे लिहायला सांगायचे आणि निष्कर्ष एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत. साचा नाही.

कालच्या २.४४ विषयी एक राहिलं. दोन्ही स्तंभांची विचलनं ३.६२ आणि २.०५, म्हणजे सारखी मानता येत नाहीत. विचलनं वेगळी असताना दोन माध्यांची तुलना कशी करायची, हा बेरेन्स आणि फिशर यांच्या नावाने ओळखला जाणारा जुना तंटा. त्यासाठी लागणारे तक्ते ज्यांनी केले ते पां. वा. सुखात्मे आपल्याकडचे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी. १९३८ साली 'संख्या' या नियतकालिकात त्यांचा लेख आला, आणि फिशर व येट्स यांच्या तक्त्यांच्या पुस्तकात ते तक्ते गेले. आज वेल्शची पद्धत (कॅल्कमधला तो ३) यंत्र आपोआप करतं म्हणून त्या तक्त्यांची गरज पडत नाही. पण सुखात्म्यांची ओळख आपल्याकडे आहारशास्त्रापुरतीच राहिली आहे. समासात दोन ओळी टाकणार.

२५ जून

दिवसभर वीज नाही. पाऊस. काम शून्य.

२८ जून

प्रमाणांकडे वळले. लिहायला बसल्यावर भाषेचीच पंचाईत. 'प्रमाण विचलन' आणि 'प्रमाण त्रुटी' यांतलं प्रमाण म्हणजे ठरलेलं माप. 'प्रमाणांची चाचणी' यातलं प्रमाण म्हणजे शंभरात किती. त्यामुळे 'प्रमाणाची प्रमाण त्रुटी' असं वाक्य जन्माला येतं आणि पोरं हसतात. यापुढे वहीत शंभरात-किती साठी 'हिस्सा' लिहायचं की काय? विद्यापीठाच्या पेपरात 'प्रमाण'च येणार. राहू दे.

संच अ‍ॅस्पिरिनचा. अमेरिकेतले २२,०७१ डॉक्टर, सगळे पुरुष. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला दिवसाआड अ‍ॅस्पिरिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. १९८८ च्या पहिल्या अहवालात हृदयविकाराचे झटके: ११,०३७ पैकी १०४ आणि ११,०३४ पैकी १८९. हजारी ९.४ आणि १७.१.

झेड (प्रमाणांतला फरक भागिले त्याची प्रमाण त्रुटी) काढताना एकत्र प्रमाण घ्यायचं, २९३ भागिले २२,०७१, कारण शून्य परिकल्पनेत दोन्ही गट एकच. प्रमाण त्रुटी ०.००१५४१, झेड ५.०. विश्वास अंतराल (खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो, इथे ९५ टक्क्यांचा) काढताना मात्र दोन्ही प्रमाणं वेगळी ठेवायची, कारण आता ती सारखी आहेत असं आपण मानत नाही. त्रुटी ०.००१५४०. फरक नखाएवढा, म्हणूनच मुलं विचारतात, मग कशाला? गट असे मोठे आणि सारखे असले की फरक नखाएवढाच राहतो. लहान नि विषम गटांत तो बोचतो. अंतराल हजारी ४.७ ते १०.७.

निष्कर्षाच्या ओळीत 'अ‍ॅस्पिरिनमुळे' म्हणायची मुभा इथे आहे, गट चिठ्ठीने पाडले म्हणून. 'सगळ्यांना' म्हणायची मुभा नाही. एकही बाई नव्हती यात.

२ जुलै

हा संच करताना मी स्वतः हादरले. १९५४ ची साल्क यांच्या पोलिओ लसीची चाचणी, अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवर. ज्या भागांत आंधळी चाचणी झाली (कुणाला लस, कुणाला पाणी हे कळू न देता) तिथले आकडे:

लस टोचलेली: २,००,७४५ मुलं, पोलिओ ५७
मिठाच्या पाण्याची सुई दिलेली: २,०१,२२९ मुलं, पोलिओ १४२
कुठलीच सुई न घेतलेली: ३,३८,७७८ मुलं, पोलिओ १५७

लाखाला २८, ७१ आणि ४६.

पहिल्या दोन ओळींची झेड ६.०. इथे कुणीतरी म्हणणारच की प्रमाण ०.०००३ इतकं बारीक, प्रसामान्य वितरण कसं चालेल? टक्का बघायचा नाही, मोजणी बघायची. ५७ आणि १४२ या मोजण्या पुरेशा मोठ्या आहेत. दुसरी पायवाटही आहे: गट जवळजवळ सारखे, तेव्हा लसीचा गुण नसता तर १९९ रुग्ण दोन्हीकडे नाणेफेकीने वाटले गेले असते. १९९ नाण्यांत ५७ छापे. झेड पुन्हा सहाच्या आसपास.

आता दुसरी आणि तिसरी ओळ. दोन्हींकडे लस नाही. एकीकडे नुसतं मिठाचं पाणी. चाचणी चालवली: झेड ३.६६, पी ०.००१ च्याही खूप खाली. सूत्र बरोबर, मोजणी बरोबर, गणित बरोबर, आणि उत्तर म्हणतं मिठाच्या पाण्याने पोलिओ होतो!

झालं असं की सुई घ्यायची की नाही हे पालकांनी ठरवलं होतं. होकार देणारी घरं सरासरीने अधिक सुस्थितीतली. तिथली मुलं स्वच्छतेत वाढलेली, म्हणून पोलिओच्या विषाणूची गाठ उशिरा पडलेली. दाटीच्या वस्तीत मूल तान्हं असतानाच, आईकडून आलेलं संरक्षण अंगात असताना, विषाणू येऊन जायचा आणि प्रतिकारशक्ती ठेवून जायचा. म्हणजे होकार आणि पोलिओ दोन्ही एकाच घरातून आले.

पहिल्या ओळीची तुलना तिसरीशी केली असती तर लसीने पोलिओ ३९ टक्के घटला असं दिसलं असतं. दुसरीशी केली तर ६०. खरी तुलना दुसरीच, कारण होकार दिलेल्यांतूनच चिठ्ठीने कुणाला लस, कुणाला पाणी हे ठरलं.

या पानावर तिन्ही ओळी द्यायच्या आणि एवढंच विचारायचं: कुठल्या दोन?

६ जुलै

लहान नमुन्यासाठी फिशरचा चहा. आठ कप, चारांत दूध आधी, चारांत नंतर. चव घेऊन दूध आधी घातलेले चार ओळखायचे. सत्तर रीतींतली एकच पूर्ण बरोबर, म्हणजे ०.०१४. चारांतले निदान तीन बरोबर येण्याच्या १७ रीती, ०.२४३. इथे झेड लावली तर तीन बरोबर आल्याची एकबाजू पी ०.०७९ येते. तिप्पट फसवते.

हे टाइप करत असताना कार्यालयातले मामा चहा घेऊन आले. त्यांना प्रयोग समजावला. म्हणाले, "मॅडम, उकळलेल्या चहात कसलं आधी नि कसलं नंतर?" प्रश्न रास्त. स्टाफरूममध्ये प्रयोग करून दाखवायचा बेत रद्द.

११ जुलै

कच्च्या प्रती घेऊन पहिली फेरी केली. दोन तासिका. एकाही पानावर चाचणीचं नाव नाही. प्रयोगशाळा इतकी शांत कधी नसते. पहिली दहा मिनिटं सगळे एकमेकांच्या पानात बघत होते, मग शेवटच्या बाकावरून आवाज: "मॅडम, टेस्ट कुठली ते छापायचं राहिलंय."

दिसलेल्या चुका. दोन्ही स्तंभांत आकड्यांची संख्या सारखीच असली की बहुतेकांनी डोळे मिटून जोडी धरली, त्यामुळे गॉल्टनच्या पानावर ५.१७ चा पाऊस पडला. उलट, दोन स्तंभ वेगवेगळ्या तक्त्यांत छापले होते तिथे जोडी असूनही सुटली. म्हणजे मुलं प्रयोग वाचत नव्हती, छपाई वाचत होती. दोष माझाही: पानाच्या वर मोजणीची हकीकत चार ओळींत बारीक टाइपात होती, आणि ती कुणीच वाचली नाही.

साल्कच्या पानावर एकाने पहिली आणि तिसरी ओळ घेतली. विचारलं का, तर म्हणाला, "तिसऱ्या गटात मुलं जास्त आहेत, नमुना मोठा तेवढा चांगला." हे वाक्य त्याला मीच कधीतरी शिकवलं असणार.

एका मुलीने डार्विनच्या पानावर अडून विचारलं, "कुंडी एक, पण एका बाजूला ऊन जास्त असेल तर?" तिला सांगितलं, म्हणून तर कोण कुठल्या बाजूला हे चिठ्ठीने ठरवायला हवं, आणि डार्विनने तसं केलं नव्हतं हाच फिशरचा आक्षेप होता. ती समाधानी दिसली नाही. चांगलं लक्षण.

१३ जुलै

दुरुस्त्या. हकीकत मोठ्या टाइपात, आकड्यांच्या आधी. आकडे पानाच्या मागच्या बाजूला. हकीकतीखाली दोन रिकाम्या जागा: 'एक ओळ म्हणजे कोण? (माणूस, कुंडी, कप)' आणि 'कुणी कुठल्या गटात जायचं हे कुणी ठरवलं?' या दोन जागा भरल्याशिवाय मी सही करणार नाही.

सरांनी सुचवलं की दुसऱ्या फेरीनंतर 'आधी किती टक्के बरोबर, नंतर किती टक्के' अशी झेड काढून प्राचार्यांना दाखवावी. म्हटलं, सर, मुलं तीच आहेत. ही जोडी आहे. दोन्ही वेळा बरोबर आणि दोन्ही वेळा चूक असलेले काही सांगत नाहीत. फक्त बदललेले मोजायचे, चुकीचे बरोबर किती झाले आणि बरोबरचे चूक किती. मॅकनेमारची चाचणी. आणि त्यांना वही मी दिली, चिठ्ठीने नाही, शिवाय मधल्या आठवड्यात तोच भाग वर्गातही शिकवला, तेव्हा 'वहीमुळे' हा शब्द अहवालात येणार नाही. सर म्हणाले, "मग प्राचार्यांना दाखवायचं काय?"

छपाईला सोमवारी देणार. गॉल्टनच्या पानावर स्तंभांची शीर्षकं उलटी पडली आहेत, ती आधी बघायची.